कोटाला लावलेला बिल्ला

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करायची होती. तो स्टुलावर ताठ उभा, मी खाली गुडघे टेकून बसलेली. दुकानाच्या मालकिणीने फोन माझ्या कानाला लावून धरला आणि पलीकडून हे बोलायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी मध्ये तोंड न घालता यांनी चार वाक्यं सलग बोलायची ही पहिलीच वेळ. "अगं, घाबरू नकोस. माझ्या बिल्ल्याचं रीडिंग फार आलंय. फार म्हणजे... फारच. ऑफिसची गाडी मला मोठ्या हॉस्पिटलात नेतेय, रक्त तपासायला. तू ये. नाही आलीस तरी चालेल. पण ये." मी टाचण्यांमधून "हं" म्हटलं. दुसरं काही म्हणताच येईना. मग त्या माणसाच्या राहिलेल्या पायाला मी टाचण्या लावल्या, दोन्ही पाय सारखे आहेत ना ते लांब होऊन पाहिलं, दुमड नीट केली. हातांना कळलेलंच नव्हतं. उठताना पायाने टाचण्यांची डबी उडवली. मालकीण म्हणाली, "बस जरा, पाणी पी," तर मी तिच्यावरच खेकसले, "पाणी काय पी? मला जायला हवं!" आणि चपला उलट्या घालून निघाले.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि मी बाहेरच्या भिंती बघत बसले. आमचे हे लोखंडी पाइपांचे एक्स-रे काढतात. असं सांगितलं की लोक हसतात, पाइपांची हाडं मोडतात का म्हणून विचारतात. पण पाइपाला पाइप जोडून वेल्डिंग केलं की आत कुठे पोकळी राहिली का, हे वरून दिसत नाही, म्हणून तपासावं लागतं. एक जड पेटी असते, तिला हे कॅमेरा म्हणतात. त्या पेटीत करंगळीच्या नखापेक्षा लहान असा धातूचा दाणा असतो. लांब उभं राहून हँडल फिरवलं की तो केबलच्या टोकावरून नळीतून बाहेर जातो, जोडापाशी थांबतो, पलीकडे लावलेल्या फिल्मवर चित्र उठतं, आणि हँडल उलटं फिरवलं की दाणा परत पेटीत. सगळा जीव त्या दाण्यात. त्यातून जे निघतं ते दिसत नाही, त्याला वास नाही, चटका नाही, जवळ गेलात तर अंगातून काय गेलं ते अंगाला त्या क्षणी कळत नाही. ते कळावं म्हणून बिल्ला. छातीला लावायचा, महिनाअखेरीला तो तपासायला जातो आणि तिकडून कळतं की या माणसाच्या अंगावर किती पडलं. साइटवरचे बाकीचे लोक तो बिल्ला काढून डब्याशेजारी ठेवून देतात, कारण रीडिंग जास्त आलं तर कामावरून बाजूला करतात. आमचे हे मात्र एक दिवस बिल्ल्याशिवाय गेले नाहीत. त्यावरून त्यांना सगळे 'इन्स्पेक्टर' म्हणून चिडवत. आणि मी? मी भांडायचे. कारण त्या बिल्ल्याचा चिमटा दातेरी होता आणि चांगल्या शर्टांच्या खिशांवर रोज नवी भोकं पडायची. आयुष्यभर मी लोकांचे कपडे दुरुस्त करतेय, माझ्याच नवऱ्याच्या छातीवर भोकं बघवत नव्हती. एकदा वैतागून म्हटलं, "शर्ट रोज वेगळा, कोट तर रोज तोच ना? मग कोटाला लावा की!" यांना ते पटलं. माझं काही यांना पटणं तसं दुर्मीळच, त्यामुळे मला केवढा आनंद झाला होता.

हॉस्पिटलात हे बाकावर बसले होते, शर्टाची एक बाही वर केलेली, कोपराच्या खळीत कापूस. शेजारी यांच्या कंपनीचा सेफ्टीवाला साहेब. मला बघून हे उठले आणि पुन्हा बसले. मी शेजारी बसले आणि पहिल्यांदा वेड्यासारखं यांच्याकडे बघायला लागले. छाती, खांदे, पोट, मांड्या. या अंगाची सगळी मापं मला तोंडपाठ आहेत. डावा खांदा जरा उतरता, म्हणून कोटाला त्या बाजूला पॅड जास्त. मानेवर तीळ. कुठे काही वेगळं दिसतंय का म्हणून मी शोधत होते आणि हे म्हणाले, "असं काय बघतेस, गुरं विकत घेताना बघतात तसं?" मला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. "काही होत नाहीये का तुम्हाला? मळमळ? चक्कर?" "भूक लागलीय," हे म्हणाले. "सकाळपासून कोणी काही खाऊ दिलं नाही." सेफ्टीवाला साहेब खाकरला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही उगाच घाबरताय. बिल्ला कुठेतरी कॅमेऱ्याजवळ लटकत राहिला असेल. नेहमीच होतं असं. अंगावर असता, तर आज हे असे बसले नसते." ते ऐकून यांचा चेहरा लाल झाला. "मी बिल्ला काढत नाही. कधीच नाही. विचारा हिला." आणि हे खरंच होतं, पण त्या क्षणी मला यांच्या खरेपणाचा एवढा राग आला! अहो, म्हणा की काढला होता. म्हणा की लटकत राहिला. एकदा तरी बाकीच्यांसारखे बेफिकीर व्हा, म्हणजे ते सगळं त्या बिल्ल्यावर पडलं, तुमच्यावर नाही पडलं. माणूस मेला तरी चालेल पण इन्स्पेक्टरकी जायला नको.

साहेबाने विचारलं, "त्या सगळ्या दिवसांत कोट तुमच्याच अंगावर होता? दुसऱ्या कोणाच्या नाही?" हे विचारात पडले, यांना काही नक्की आठवेना. साइटवर यांच्यासोबत दुसरा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊच. वर्षभरापूर्वी मीच यांच्या मागे लागून त्याला हेल्पर म्हणून चिकटवलं होतं. फिल्म लावायच्या, नळी उचलायची, शिडीवर चढायचं. हेल्परला बिल्ला नसतो, तो पक्का झाल्यावर मिळतो. यांनी तिथूनच त्याला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. "काय रे, माझा कोट तू कधी घातला होतास का गेल्या महिन्यात? आठव जरा."  मग धाकट्याचा आवाज, जरा बसलेला. "नाही भावोजी. तुमच्याच अंगावर होता." "नक्की?" "नक्की. का, काय झालं?" "काही नाही, सांगतो मग." साहेबाने हात पसरले, म्हणजे झालं, विषय संपला.

मग नुसतं थांबणं. समोरच्या भिंतीवर पाणी झिरपून डाग पडलेला, एक बाई येऊन फरशी पुसून गेली, तिने आम्हाला पाय वर करायला सांगितले आणि आम्ही दोघांनी लहान मुलांसारखे केले. हे डोळे मिटून बसले होते आणि मी देवाशी बोलत होते. एरवी मी त्याच्या फार वाटेला जात नाही. पण त्या बाकावर बसून मी त्याला म्हटलं, यांना काही होऊ देऊ नकोस. बाकी काय हवं ते कर, मी तोंडातून शब्द काढणार नाही, पण यांना काही होऊ देऊ नकोस. बाकी काय हवं ते कर, असं म्हटलं मी. मनात, पण स्पष्ट. तेव्हा मला 'बाकी' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. माझी नोकरी, माझे डोळे, घर, असलं काहीतरी असेल. भीतीत माणूस काय देऊन बसतो त्याला काही धरबंध नसतो.

रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. बारीक चणीच्या, केस वर बांधलेले, टेबलावर अर्धा प्यालेला चहा गार झालेला. त्यांनी कागद बघितला, यांच्याकडे बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "तुमचं रक्त उत्तम आहे. बिल्ल्यावर जेवढं आलंय तेवढं अंगावर पडलं असतं, तर आतापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला गेल्या असत्या. तुमच्या तर माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. आणखी एक तपासणी करू, तिला वेळ लागतो, पण माझ्या मते तुम्हाला काही झालेलं नाही." माझा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, खणकन आवाज झाला. मी यांचा हात धरला, डॉक्टरीणबाईंचाही धरला, आणि मग माझी जीभ सुटली. मला आनंद झाला की मी बोलत सुटते, कोणी थांबवू शकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तरी विचारते, त्या महिन्यात कधी कामावरून आल्यावर उलट्या झाल्या होत्या?" हे नाही म्हणाले, आणि मी हसत हसत म्हटलं, "छे हो, यांना कसल्या उलट्या! यांना दगड पचतो. उलट्या माझ्या भावाला होतात. बायकोला आठवा लागलाय, तिच्या उलट्या कधीच्या संपल्या, आणि याच्या आता सुरू! आम्ही इतके हसलो त्याला. म्हटलं, डोहाळे तुलाच लागले की काय रे?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कधी?" त्यांनी विचारलं. "तुमचा भाऊ कुठे कामाला आहे?"

खोलीत काही आवाज नव्हता असं नाही, बाहेर कोणीतरी चाकांची खाट ढकलत होतं, पण मला ते पार दुरून ऐकू आलं. कारण मला बेसिन दिसत होतं. आमच्या घरातलं, कडेला टवका उडालेलं. तो महिना संपत आला होता, खूप गार वारा सुटला होता, आणि दोघे साइटवरून थेट आमच्याकडे जेवायला आले होते. भावजय आधीपासून येऊन बसली होती. धाकटा आला तो तडक बेसिनकडे. एकदा, दोनदा, पुन्हा. मी पाठीवर हात फिरवत होते आणि मागून भावजय पोट धरून हसत होती. हे म्हणाले, "बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल," मी म्हटलं, "बाहेरचं नाही, हे घरचंच आहे, आठ महिन्यांचं," आणि धाकटाही ओले डोळे पुसत हसला होता. त्याच्या अंगावर कोट होता. यांचा कोट. गळ्यापाशी उलटी सांडलेली. मीच बटणं सोडून तो उतरवून घेतला, मीच म्हटलं, "काढ तो, भावोजींच्या कोटाचं काय करून ठेवलंस," आणि दुसऱ्या दिवशी मीच तो बादलीत घातला. त्याआधी छातीवरचा बिल्ला काढून खिडकीत ठेवला आणि कोट वाळल्यावर परत जागच्या जागी लावला. माझ्या बोटांना त्या दातेरी चिमट्याची आठवण होती, मला नव्हती. देवा, म्हटलं मी. मी यांना काही होऊ देऊ नकोस म्हटलं होतं. त्यात 'कोणालाच' म्हणायचं राहून गेलं.

मी काही बोलायच्या आधीच यांनी सांगायला सुरुवात केली. पाठ केल्यासारखं, खाली बघत. "त्या दिवशी तो शिडीवर थरथरत होता. स्वेटर पातळ होता. मी म्हटलं माझा कोट घाल, मी गाडीत फिल्म धुतोय, मला काय थंडी." मग थांबले. "एका जोडाच्या फिल्म सगळ्या काळ्या आल्या होत्या. मला वाटलं फिल्मच खराब. पुन्हा काढल्या, त्या चांगल्या आल्या. दाणा आत आला की नाही ते दाखवणाऱ्या मीटरची बॅटरी गेली होती, म्हटलं उद्या घालू." कोपरावरचा कापूस काढून मुठीत धरला. "त्याने मधल्या वेळात नळी खांद्यावर टाकून पुढच्या जोडापाशी नेली. दाणा पेटीत पूर्ण आलाच नसणार, म्हणून फिल्म काळ्या. हँडल मी फिरवलं होतं." डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "घर किती लांब आहे? आत्ता घेऊन या. उद्या नको, आत्ता. ताप असो नसो."

टॅक्सीत हे पुढे बसले, मी मागे. यांची मान मागून दिसत होती, तीळ दिसत होता. मला यांचा राग यायला हवा होता आणि येत होता, मीटरची बॅटरी उद्या, म्हणे! आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की हात पुढे करून त्या मानेवर ठेवावा. कारण मला माहीत होतं, थंडी वाजणाऱ्या माझ्या भावाला यांनी अंगावरचा कोट काढून दिला होता. तोच माणूस हँडल फिरवणारा. कोट दिला ते प्रेमाने, हँडल फिरवलं ते घाईत, आणि दोन्ही एकाच दुपारी. मी माझ्याच मनाशी हिशोब लावत बसले, की बिल्ला मी शर्टालाच राहू दिला असता तर? तर यांच्या छातीवर कोरा राहिला असता, महिनाअखेरीला कोराच परत आला असता, आणि धाकट्याच्या अंगावर काय पडलं ते कोणाला कधी कळलंच नसतं. भोकांवरून केलेल्या माझ्या भांडणाने त्याला पकडून दिलं. याचा आनंद मानायचा की काय करायचं, मला कळेना. धाकटा लहानपणी पडला की आधी इकडेतिकडे बघायचा, कोणी पाहिलं नसेल तर रडायचा नाही. आईला रक्त दिसेपर्यंत पत्ता लागायचा नाही. फोनवरचा तो आवाज, 'तुमच्याच अंगावर होता'. खोटं बोलताना त्याचा आवाज नेहमी असाच बसतो आणि मी, त्याची सख्खी बहीण, ते ऐकून सुटकेचा श्वास सोडत होते.

दार भावजयीने उघडलं. पोट आधी, मग ती. डोळे सुजलेले. "बरं झालं ताई आलात," ती दारातच बोलायला लागली. "तुम्हीच विचारा याला काय झालंय. हा माझ्याशी धड बोलत नाही. दोन आठवडे झाले, स्वयंपाकघरात झोपतो. म्हणतो गरम होतं. या दिवसांत गरम? माझा हात लागला तर असा बाजूला होतो, जसं काही मी..."  मागे स्वयंपाकघराच्या दारात धाकटा उभा होता. घरात असून डोक्याला लोकरीची टोपी, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. चेहरा मेणचट झालेला. मी त्याला आठवड्यापूर्वीच पाहिलं होतं आणि मला काही दिसलं नव्हतं, म्हणजे दिसलं होतं, मी म्हटलं होतं, 'बाप होणाराय म्हणून आधीच सुकलास होय रे.' माझ्या जिभेला काही हाड आहे की नाही! मी पुढे गेले, टोपी ओढली. टोपीबरोबर केसांचा पुंजका आला. भावजय किंचाळली नाही, तिने नुसता तोंडावर हात ठेवला.

"ताई, राहू दे," तो म्हणाला. मी ऐकतेय थोडीच! वरची बटणं सोडली. उजव्या खांद्यावर, मानेच्या मुळापासून खाली, नळी टाकतात तिथे, काळपट लाल पट्टा उठला होता, मध्ये पाण्याचे फोड. "हे काय आहे?" "नळी घासली." "नळी घासून असं होतं?"  मग यांनी विचारलं, अगदी हळू, "कोट तुझ्या अंगावर होता ना रे?" आणि धाकट्याने मान हलवली. "मग मला खोटं का सांगितलंस?" धाकटा भावजयीकडे बघत होता, माझ्याकडे किंवा यांच्याकडे नाही. "बाळ होऊ द्या म्हटलं. मग सांगणार होतो. मागच्या वेळी हिचं... मागच्या वेळचं माहीत आहे ना तुम्हाला? तेव्हा तर काही कारणच नव्हतं. आता हिने हा धसका घेतला असता तर? आणि..." त्याने खांदा पुन्हा शर्टाने झाकला. "अंगात आहे ना ते माझ्या. मी हिच्याजवळ झोपलो, तर तिच्या पोटात जाणार नाही का?"

मला लग्नानंतरचे पहिले महिने आठवले. यांचे कपडे मी वेगळ्या बादलीत धुवायचे, चिमटीत धरून, आणि हे झोपले की मी पलीकडच्या कडेला सरकायचे. महिनाभर यांनी काही विचारलं नाही. मग एकदा यांनीच समजावलं होतं, उन्हात उभं राहून आलेला माणूस काय घरात ऊन घेऊन येतो का? मी तेव्हा विश्वास ठेवला होता, की ठेवून घेतला होता, देव जाणे. पण धाकट्याला कोणी सांगितलंच नव्हतं. हेल्परला फक्त 'नळी धर', 'शिडी धर', 'लांब हो'. वर्षभर तो त्या दाण्याच्या आसपास वावरला आणि त्याला कोणी बसवून दोन वाक्यं सांगितली नाहीत, आणि त्यात हेही आले आणि मीही आले. "अरे नाही रे," हे म्हणाले, आणि यांचा आवाज फुटला. "अरे ते आत राहत नाही. आरपार जातं. जाताना मोडतोड करतं, पण मागे काही ठेवत नाही. तू कोणाला काही देऊ शकत नाहीस. मी तुला सांगायला हवं होतं." धाकटा यांच्याकडे असा बघत राहिला, जणू हे काहीतरी परक्या भाषेत बोलतायत.

भावजय इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती चालत आली आणि तिने त्याच्या चांगल्या खांद्यावर एक चापट मारली, चांगली सणसणीत. "मी समजत होते मी तुला नकोशी झालेय," ती म्हणाली. "रात्र रात्र मी आरशात बघायचे, एवढी कशी बेढब झाले म्हणून. आणि तू तिकडे फरशीवर! मूर्ख कुठला!" मग तिने त्याची टोपी उचलली, त्याच्या डोक्यावर बसवली, कानांवरून खाली ओढली, आणि पायात चपला घातल्या. तू घरी थांब, धावपळ नको, असं मी म्हणणार होते. तिचा चेहरा बघून म्हटलं नाही. टॅक्सीत ती मध्ये बसली आणि त्याला इतकी चिकटून बसली की माझ्या बाजूला एका माणसाची जागा उरली होती. तो तरीही अंग चोरून, दाराला लागून, हात मांडीखाली घालून बसलेला. इतक्या दिवसांची सवय. ती त्याच्याच बाजूला रेलून डोळे मिटून राहिली.

डॉक्टरीणबाई आमची वाटच बघत होत्या. रक्त घेतलं, घशात बॅटरी मारून बघितलं, हिरड्या बघितल्या, पोटरीवरचे निळे डाग बघितले, जे त्याने आम्हाला दाखवलेही नव्हते. खांद्याला हात न लावता बराच वेळ नुसतं वाकून पाहिलं. कागद आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि आम्हाला सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, कोणाला बाहेर काढलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर आभारी राहीन. "पेशी फार खाली गेल्या आहेत. आणखी थोड्या जातील. मग वर यायला लागतील असं मला वाटतं, त्यासाठी औषधं आहेत, रक्त चढवू. खांद्याचं दुखणं मात्र लांबेल, ते बरं झाल्यासारखं होईल आणि पुन्हा उघडेल, त्याची मनाची तयारी ठेवा. पण तो वाचेल असं मी आज म्हणू शकते. हा अंगात ताप घेऊन आला असता, तर म्हटलं नसतं." हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. यांचे खांदे हलत होते. डावा जरा जास्तच उतरलेला दिसत होता. मी गेले आणि मघाशी टॅक्सीत राहून गेलं होतं ते केलं, मानेवर हात ठेवला. राग गेला नव्हता. तो काही इतक्यात जाणारही नव्हता. हात मात्र ठेवला.

"डॉक्टर," धाकटा म्हणाला. हॉस्पिटलात आल्यापासून त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "माझ्यापासून हिला खरंच काही नाही? बाळाला?"

"काही नाही."

"म्हणजे इतके दिवस मी हिच्याजवळ, खोलीत झोपलो असतो तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

त्याने स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. मग त्याने विचारलं, "आणि आता?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता नाही. आता तुला वेगळ्या खोलीत ठेवणार. साधी सर्दीसुद्धा तुला झेपायची नाही. तुझ्यापासून कोणाला काही नाही, पण आमच्या सगळ्यांपासून तुला आहे. तिच्यापासूनसुद्धा. काही आठवडे तिला तुझ्याजवळ येता येणार नाही, काचेतून बघावं लागेल." भावजयीने विचारलं, "आणि बाळ त्याआधी आलं तर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर काचेतून दाखवू."   स्वयंपाकघरातल्या त्या फरशीवरच्या सगळ्या रात्री त्याच्यासमोर ओळीने उभ्या असतील, ज्या त्याला आता परत मिळणार नव्हत्या, आणि मी काय बोलणार त्यावर? मी, जिला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असतं.

एक वयस्कर नर्स त्याला न्यायला आली. पांढरा झगा, तोंडावर पट्टी. दार अर्धं उघडून ती उभी राहिली, आमच्याकडे एक नजर टाकली, भावजयीच्या पोटाकडे बघितलं, आणि पट्टीआडून म्हणाली, "आत गेल्यावर मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुणारच आहे. तोवर काय ते करून घ्या." आणि पाठ वळवून हातमोजे चढवत बसली, मोजे चढवायला एवढा वेळ लागत नाही. धाकटा जागचा हलला नाही. मग त्याने हात पुढे केला आणि तो भावजयीच्या पोटावर टेकवला, नुसती बोटांची टोकं, इस्त्री तापलीय का बघताना लावतो तसा. भावजयीने त्याचा पंजा दोन्ही हातांनी धरला आणि घट्ट दाबला.

"असा काय परक्यासारखा ठेवतोस," ती म्हणाली. "नीट ठेव."